कोणता सिलिंडर रुसला?

प्रीमियर पद्मिनीसारखी कार्बोरेटरची जुनी गाडी उभ्या उभ्या थरथरू लागली, चढावर दमू लागली, की मिस्त्री म्हणतो, ‘मिसिंग आहे.’ म्हणजे चारपैकी एखाद्या सिलिंडरात इंधन नीट पेटत नाही. पण कोणत्या? घाईने कार्बोरेटर खोलण्यात अर्थ नाही. चालू इंजिनात मिस्त्री एकेका प्लगची वायर क्षणभर काढतो. (तीत हजारो व्होल्ट असतात; विद्यार्थ्यांनी फक्त पाहावे!) इंजिन आणखी अडखळले, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर दोषी तोच. मग इंजिन थंड झाल्यावर त्याच्या प्लगची शेजारच्या प्लगशी अदलाबदल करावी. दोष प्लगबरोबर सरकला, तर प्लगच खराब. जागीच राहिला, तर वायर, झडपा, दट्ट्याच्या रिंगा तपासाव्यात.