सर्चमधले शेजारी

शाय बॅननची बायको लंडनमध्ये पाकशास्त्र शिकत होती. तिच्या पाककृती चटकन सापडाव्यात म्हणून त्याने एक छोटं सर्च लिहायला घेतलं. त्याच खटाटोपातून 2010 साली इलास्टिकसर्च आलं. आज त्याच इंजिनाच्या एकेका इंडेक्समध्ये, म्हणजे शोधासाठीच्या सूचीत, एखाद्या ऑनलाइन सेवेच्या हजारो ग्राहकांची कागदपत्रं शेजारी-शेजारी पडलेली असतात.

मग प्रत्येकाला वेगळा इंडेक्सच का देत नाहीत? कारण इंडेक्स शार्ड नावाच्या तुकड्यांत साठवला जातो, आणि एका नोडमागे, म्हणजे एका सर्व्हरमागे, ठरलेली मर्यादा 1000 शार्डची. दर ग्राहकाला एक मूळ शार्ड आणि एक प्रत धरा, म्हणजे तीन नोडमध्ये 1500 ग्राहकांवर पाटी लागली: जागा नाही! मर्यादा वाढवता येते, पण जवळपास रिकामा शार्डही मेमरी खातोच. म्हणून सगळ्यांना एकत्र ठेवतात आणि प्रत्येक शोधाला ग्राहक क्रमांकाची चाळणी लावतात.

खरी गंमत पुढेच आहे. चाळणी कागद लपवते, आकडेवारी लपवत नाही. जो शब्द कमी कागदांत येतो त्याला जास्त वजन द्यावं, हे केरेन स्पार्क जोन्स यांनी 1972 साली मांडलं आणि शोधात कोणता कागद वर येणार हे ठरवणारे गुण आजही त्याच तत्त्वावर ठरतात. आता समजा, इंडेक्समध्ये एक वकील आहे आणि पन्नास दवाखाने. वकिलाच्या फायलींत ‘हर्निया’ फक्त एका दाव्यात आलाय, म्हणजे त्याच्यासाठी तो अगदी नेमका शब्द. दवाखान्यांत मात्र हर्निया पैशाला पासरी! त्यामुळे त्याचं वजन घसरतं, आणि ‘हर्निया भरपाई’ शोधल्यावर वकिलासमोर भलत्याच भरपाईच्या फायली आधी येऊ शकतात. डिलीट केलेले कागदसुद्धा, त्यांचे सेगमेंट (शार्डमधले छोटे भाग) एकत्र होईपर्यंत, या मोजणीत असतात.

याहून गंभीर गोष्ट 2017 साली संशोधकांनी दाखवली. गुणांमधल्या बारीक फरकावरून शेजाऱ्याच्या खाजगी कागदांत अमुक शब्द आहे का, हे ताडता येतं. गिटहबच्या सर्चवरही त्यांनी हे करून दाखवलं. तेव्हा ज्यांचा डेटा नाजूक, त्यांना वेगळाच इंडेक्स द्यावा; खर्च परवडत नाही ही सबब इथे मला पटत नाही.

सामायिक फील्डमध्येही शेजारी असाच नडतो. एका ग्राहकाने ‘नोंद’मध्ये आधी तारीख भरली की इंजिन आपोआप ते फील्ड तारखेचं ठरवतं. दुसऱ्याने तिथे ‘उद्या फोन करणे’ लिहिलं, की त्याचा अख्खा कागद नाकारला जातो!

आणि मराठी ग्राहक? शब्द सुटे करून त्यांचे प्रत्यय छाटणाऱ्या तयार अ‍ॅनालायझरच्या यादीत हिंदी आहे, बंगाली आहे, मराठी नाही. सामायिक फील्डला इंग्रजीचा अ‍ॅनालायझर लावला असेल, तर ‘पाणीपट्टी’ शोधणाऱ्या सोसायटीला ‘पाणीपट्टीची थकबाकी’ सापडत नाही. मराठीसाठी वेगळं फील्ड ठेवून त्यात ची, च्या, ला, साठी छाटायचे नियम स्वतः लिहिले, तर ती थकबाकी पहिल्या झटक्यात समोर येते.