कोरा संगणक जागा कसा होतो?

आमच्या प्रयोगशाळेतील एका जुन्या संगणकावर लिनक्सचा सर्व्हर उभा करावयाचा होता. त्याचा सीडी ड्राइव्ह निकामी झालेला, आणि पेन ड्राइव्हवरून तो सुरू होईना. सरांनी नेटवर्कवरून बूट करण्यास सुचविले. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी; डिस्कच कोरी, तर हे यंत्र नेटवर्कवर बोलणार कसे, हा माझा पहिला प्रश्न.

उत्तर असे, की नेटवर्क कार्डातच एक छोटा प्रोग्रॅम कोरलेला असतो. त्याला पीएक्सई म्हणतात. इंटेलने त्याची २.१ ही आवृत्ती १९९९ साली प्रसिद्ध केली. संगणक सुरू होताच हा प्रोग्रॅम तारेवर सर्वांना उद्देशून ओरडतो : "मी अमुक क्रमांकाचे कार्ड, मला पत्ता द्या, आणि कोणती फाइल कोठून घेऊ तेही सांगा." याला उत्तर देणारी व्यवस्था म्हणजे १९९३ पासूनची डीएचसीपी. फाइल आणून देते ती टीएफटीपी, १९८१ मधील. तिची रीत अगदी आमच्या खतावणीतली वाटावी अशी. मूळ पद्धतीत ५१२ बाइटांचा एक तुकडा पाठवावयाचा, त्याची पावती आली की पुढचा. पावती नाही तर माल नाही! मात्र येथे पासवर्ड नाही, फाइलींची यादीही मागता येत नाही. नाव अचूक ठाऊक हवे.

ही दोन्ही कामे डीएनएसमास्क हा एकच प्रोग्रॅम करतो. तो मी माझ्या लॅपटॉपवर बसविला, डेबियनची नेटबूटची फाइल एका फोल्डरमध्ये उलगडली आणि सकाळी नऊला काम सुरू केले. इन्स्टॉलरचा निळा पडदा दिसला तेव्हा कोण आनंद झाला!

दहा वाजता कार्यालय उघडले. तो फी भरण्याचा शेवटचा दिवस. थोड्याच वेळात काउंटरवरून हाक आली, "नेट इल्लरी!" रांग दारापर्यंत गेलेली. कारण मीच होतो. पत्ता वाटण्याचे कामही मी डीएनएसमास्ककडे दिले होते, आणि कार्यालयाची तार त्याच स्विचला जोडलेली. तेथील संगणकांच्या जुन्या पत्त्यांची मुदत रात्रीत संपली होती. त्यांनी नव्याने विचारणा केली आणि राऊटरच्या आधी माझ्या लॅपटॉपचे उत्तर पोचले. बाहेर जाण्याची वाट म्हणून त्याने स्वतःचाच पत्ता दिला, जेथून पुढे वाट नव्हती. उत्तर देणारा खरा अधिकारी आहे की नाही, हे विचारणारा संगणक तपासत नाही; बहुधा पहिले उत्तर येते तेच तो मानतो. मी लॅपटॉपची तार उपसली, कार्यालयातील संगणक पुन्हा सुरू करवले आणि रांगेतल्या मित्रांची बोलणी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी डीएनएसमास्क प्रॉक्सी पद्धतीने चालविला. तेव्हा पत्ते राऊटरच देतो. डीएनएसमास्क फक्त फाइल सांगतो. तरी धास्ती होतीच : नेटवर्कवरून बूट होणारा दुसरा एखादा संगणक इन्स्टॉलरमध्ये शिरला आणि कोणी भराभर एंटर दाबले, तर त्याची डिस्क पुसली जावयाची. येथे पीएक्सलिनक्सची एक सोय कामी आली. तो कार्डाच्या क्रमांकाच्या नावाची फाइल शोधतो, मग आयपी पत्त्याची, आणि काहीच न मिळाल्यास डिफॉल्ट नावाची. म्हणून डिफॉल्टमध्ये 'आपल्या डिस्कवरून सुरू हो' एवढेच लिहिले आणि इन्स्टॉलर केवळ आमच्या यंत्राच्या क्रमांकाखाली ठेवला. त्या नावाआधी ०१ लागते आणि अंकांच्या जोड्यांमध्ये विसर्गासारखी टिंबे नव्हे, आडव्या रेघा हव्यात. या टिंबांपायी माझी एक दुपार गेली. नव्या यूईएफआय संगणकांना तर पहिली फाइलच निराळी लागते.

सर्व्हर उभा राहताच ती क्रमांकाची फाइल काढून टाकली आणि बायोसमध्ये डिस्कला पहिला क्रमांक दिला. नाहीतर पुढच्या खेपेस वीज जाऊन आली, की तयार सर्व्हरवर पुन्हा इन्स्टॉलर येऊन बसला असता.