मोटारीवरील रंगलेप : टिकाऊपणा आणि निगा

मोटारीच्या रंगाचा विचार सामान्यतः शोभेच्या दृष्टीने केला जातो. रसायनतंत्राच्या दृष्टीने मात्र तो प्रथम एक संरक्षक विलेप आहे. पोलादी पत्रा आणि बाहेरील ऊन, पाणी व हवा यांच्यामध्ये दुसरा अडसर जवळजवळ नसतो. या विलेपाची चकाकी शाबूत असेल तर त्याचे संरक्षणकार्यही शाबूत आहे, आणि चकाकी कमी झाल्यास ती घासून परत आणणे म्हणजेच विलेपाची निगा राखणे होय, असा समज दृढ झालेला आहे. हा समज एका विशिष्ट काळातील रंगांच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरा होता. सध्याच्या विलेपांना तो लागू पडत नाही, इतकेच नव्हे तर त्यांचे आयुष्य कमी करतो.

विलेपाची घडण

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारींवर तेलयुक्त रोगणांचे थरावर थर चढवीत. ते सर्व सुकण्यास कित्येक आठवडे लागत. १९२३ मध्ये ओकलंड मोटारींसाठी ‘ड्युको’ हे नायट्रोसेल्युलोजयुक्त लॅकर वापरात आले आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. पुढे अल्किड व ॲक्रिलिक रंग प्रचारात आले. या सर्वांत रंगद्रव्य अगदी वरच्या थरापर्यंत पसरलेले असे. उन्हापावसाने बंधक द्रव्य झिजले की रंगद्रव्याचे कण उघडे पडत व पृष्ठभाग खडूसारखा भुकटा होई. हा मृत थर घासून काढला असता खालचा ताजा रंग वर येई. पॉलिश करून रंग उजळण्याची प्रथा या रचनेतून जन्मली, आणि त्या रचनेला ती अनुरूपही होती.

१९८० नंतरच्या दशकात रंगथर व त्यावर पारदर्शक लेप अशी द्विस्तर पद्धत सर्वत्र रूढ झाली. तीत पत्र्यावर प्रथम फॉस्फेटचा अतिसूक्ष्म थर बसवितात. त्यावर विद्युत्‌प्रवाहाच्या साहाय्याने सुमारे २० मायक्रॉन जाडीचे एपॉक्सी अस्तर चढवितात. गंजाला अटकाव करण्याचे मुख्य कार्य याचे असते. त्यानंतर बहुधा ३० ते ४० मायक्रॉनचे दुसरे अस्तर, १२ ते २० मायक्रॉनचा रंगथर आणि शेवटी ४० ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक लेप असा क्रम असतो. सर्व थर मिळून जाडी एक दशांश मिलिमीटरहून थोडी अधिक भरते. या रचनेत वरचा थर झिजला तर खालून ताजा लेप वर येत नाही. असलेल्या साठ्यातून वजाबाकी तेवढी होते.

प्रकाशामुळे होणारी अवनती

भूपृष्ठावर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण बहुवारिकातील बंध तोडून मुक्त मूलके निर्माण करतात, आणि ऑक्सिजनच्या सान्निध्यात ही विक्रिया साखळीसारखी पुढे जाते. तिला आवर घालण्यासाठी पारदर्शक लेपात दोन प्रकारची द्रव्ये मिसळतात. बेंझोट्रायाझोल किंवा ट्रायाझीन वर्गातील शोषके जंबुपार किरण शोषून त्यांची ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर टाकतात. दुसऱ्या प्रकारची, विशिष्ट अमाइन वर्गातील स्थैर्यकारके किरण अडवीत नाहीत; तयार झालेल्या मूलकांना ती निष्प्रभ करतात.

या दोहोंतील कार्यविभाग ध्यानात घेण्याजोगा आहे. बीर-लँबर्ट नियमानुसार शोषण हे शोषकाची संहती आणि प्रकाशाने आक्रमिलेली जाडी यांवर अवलंबून असते. त्यामुळे लेपाच्या अगदी वरच्या पातळीला शोषकाचा लाभ जवळजवळ मिळत नाही. तेथील बंधकाचे, म्हणजेच चकाकीचे, रक्षण प्रामुख्याने अमाइन स्थैर्यकारके करतात. शोषकाचे खरे कार्य खालच्या थरांना सावली देण्याचे असते. शोषक प्रकाशाने हळूहळू नष्ट होते आणि काही अंशी लेपातून निघूनही जाते. तेव्हा पृष्ठभाग चकचकीत असतानाच खालचे संरक्षण संपत येणे सर्वथा शक्य आहे.

ही केवळ तात्त्विक शक्यता नव्हे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत काही मोटारींवर मधले अस्तर गाळून रंगथर थेट एपॉक्सी अस्तरावर देण्यात आला होता. वरच्या दोन थरांतून झिरपलेल्या किरणांनी एपॉक्सीचा पृष्ठभाग जर्जर केला, आणि वरील रंग पापुद्र्यांच्या रूपाने निघू लागला. सोललेल्या पापुद्र्याची वरची बाजू चांगली असली तरी ज्या पायावर तो उभा होता तोच नष्ट झाला होता.

यामुळे परीक्षणाची दिशाही बदलली. दक्षिण फ्लोरिडातील दमट उन्हात व ॲरिझोनाच्या कोरड्या उन्हात नमुने ठेवून चकाकी मोजण्याची पद्धत जुनीच आहे. फोर्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत जे. एल. गेर्लॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेपाचे पातळ छेद घेऊन वर्णपटविज्ञानाच्या साहाय्याने कोणत्या खोलीवर किती शोषक उरले आणि किती ऑक्सिडीकरण झाले, हे तपासण्यावर भर दिला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एएसटीएम डी ७८६९ या मानक पद्धतीत झेनॉन दिव्याचा प्रकाश व पाण्याचा मारा हे दोन्ही फ्लोरिडातील परिस्थितीशी अधिक जुळते करण्यात आले.

रासायनिक व यांत्रिक आघात

ॲक्रिलिक-मेलामाइन लेपातील आंतरबंध अम्लाच्या सान्निध्यात जलविच्छेदनाने तुटतात. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे उन्हाळ्यातील अम्लयुक्त दव-पाऊस आणि प्रखर ऊन यांमुळे नव्या मोटारींवरही खोलगट डाग पडत. म्हणूनच अम्लरोधाच्या परीक्षणासाठी ते ठिकाण प्रसिद्ध झाले, आणि युरेथेन, कार्बामेट व सिलेन बंधांचे लेप पुढे आले. पक्ष्यांच्या विष्ठेचा परिणाम केवळ अम्लाचा नसतो. इराणमधील संशोधकांनी पॅन्क्रिएटिन या विकरमिश्रणाच्या साहाय्याने तसेच व्रण प्रयोगशाळेत निर्माण करून दाखविले. गडद रंगाचा पत्रा भर उन्हात ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो व लेप मऊ पडतो. म्हणून असे डाग त्याच दिवशी भिजवून काढणे इष्ट ठरते.

यांत्रिक हानीचे सर्वांत मोठे कारण मात्र निगेतच दडलेले असते. रस्त्यावरील धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात; मोह्‌ज मापनात त्यांची कठिनता ७, म्हणजे कोणत्याही सेंद्रिय लेपाहून पुष्कळच अधिक असते. आपल्या शहरांत रोज सकाळी कोरड्या झटकणीने किंवा एकाच बादलीत बुचकळलेल्या फडक्याने मोटार पुसण्याची चाल आहे. हे फडके धूळ काढीत नाही, ती लेपावर फिरविते. त्यातून सूक्ष्म ओरखड्यांचे जाळे तयार होते, चकाकी मंदावते आणि मग पॉलिशची गरज भासते.

निगेचे गणित

यंत्राने केलेल्या एका पॉलिशमध्ये, अपघर्षकाच्या जातीनुसार, एक ते काही मायक्रॉन लेप जातो. पन्नास मायक्रॉनच्या थरात हा आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु सात-आठ मायक्रॉनहून अधिक लेप गेल्यास शोषकाचा साठा त्या प्रमाणात घटतो आणि खालच्या थरांचे आयुष्य आखडते. जाडी मोजण्याचे नेहमीचे चुंबकीय उपकरण सर्व थरांची एकत्रित जाडी दाखविते. त्यावरून पारदर्शक लेप किती उरला हे कळत नाही. त्यासाठी श्राव्यातीत तरंगांचे उपकरण लागते.

कार्नौबा मेणाचा किंवा कृत्रिम बहुवारिकाचा हात, तसेच ‘सिरॅमिक’ नावाने विकले जाणारे सिलिकायुक्त लेप यांचे कार्य मर्यादित पण खरे आहे. घाण व डाग मूळ लेपाऐवजी ते स्वतःवर घेतात आणि धुणे सुलभ करतात. त्यांच्याविषयी केल्या जाणाऱ्या दाव्यांकडे मात्र चिकित्सक दृष्टीने पाहिले पाहिजे. ‘९एच’ ही कठिनता पेन्सिलीच्या मापनावरील आहे, मोह्‌जच्या नव्हे. एखाद-दुसऱ्या मायक्रॉनच्या थरात पुरेसे शोषक मावणे बीर-लँबर्ट नियमानेच अवघड ठरते. पाण्याचे गोल थेंब पृष्ठभागाची ऊर्जा कमी असल्याचे तेवढे सांगतात. खालच्या थरांच्या प्रकृतीविषयी ते काहीच सांगत नाहीत. उलट, दख्खनच्या पठारावरील अनेक विहिरींच्या जड पाण्याचे असे थेंब जागीच वाळले तर कॅल्शियमच्या क्षारांची वर्तुळे मागे राहतात.

यावरून निगेचा क्रम निश्चित होतो. भरपूर पाण्याने धूळ प्रथम भिजवून वाहू द्यावी, सौम्य साबण वापरावा, फडके स्वतंत्र बादलीत वारंवार खळाळावे आणि अंग मऊ कापडाने टिपून घ्यावे. पत्र्यापर्यंत पोहोचलेला टवका, विशेषतः कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत, पावसाळ्यापूर्वी बुजवावा. कारण गंज तेथून लेपाखाली पसरतो. सूक्ष्म ओरखडे हा बव्हंशी दृष्टीचा दोष आहे. तो सहन केल्याने विलेपाचे फारसे बिघडत नाही. तो वारंवार घासून काढल्याने मात्र, जे वाचवावयाचे तेच खर्ची पडते.