घरची भाषा आणि पालकांचा शिक्षणातील वाटा : अचलपूर परिसराच्या संदर्भात

अचलपूर या नगराचे नाव भाषेच्या अभ्यासकास एका विशेष कारणाने परिचित आहे. बाराव्या शतकातील वैयाकरण हेमचंद्र यांनी आपल्या प्राकृत व्याकरणात या नावासाठी स्वतंत्र सूत्र दिले असून, 'च' आणि 'ल' या वर्णांचा विपर्यय होऊन 'अलचपुर' असे रूप होते, असे सांगितले आहे. पुढील काळात रूढ झालेले 'एलिचपूर' हे नाव या रूपाशी जुळणारे आहे. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, प्रचलित उच्चारास हेमचंद्रांनी अशुद्ध ठरविले नाही. त्याचा नियम सांगितला. पालक आणि शाळा यांच्या संबंधाचा विचार करताना ही दृष्टी उपयोगी पडते.

पालकांचा सहभाग म्हणजे शुल्क भरणे, गृहपाठ करवून घेणे व सभेस उपस्थित राहणे, असा सामान्य समज आहे. परंतु सहा वर्षांचे मूल शाळेत येते तेव्हा विभक्ती, काळ, लिंग, वचन यांची मुख्य व्यवस्था त्याने आत्मसात केलेली असते. ती त्याला पुस्तकाने दिलेली नाही. घरातील संभाषणाने दिलेली आहे. या अर्थाने प्रत्येक घर ही पहिली शाळा होय आणि निरक्षर मातादेखील भाषेची शिक्षिका होय.

घरानेच संपूर्ण शिक्षणाचा भार उचलल्याचे ठळक उदाहरण वऱ्हाडातच आहे. बुलढाणा येथील ताराबाई शिंदे (जन्म १८५०) यांना वडील बापूजी हरि शिंदे यांनी घरीच शिकविले. त्यांचा 'स्त्रीपुरुष तुलना' हा निबंध १८८२ मध्ये पुण्यास प्रसिद्ध झाला. त्यातील गद्यास धार आहे ती बोलण्यातील मराठीची. घरच्या भाषेपासून न तुटलेले शिक्षण किती समर्थ लेखणी घडवू शकते, याचा हा पुरावा मानावयास हरकत नाही.

तथापि सर्व घरांस असे सामर्थ्य नसते, म्हणूनच शाळा आवश्यक ठरते. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य ठरविले. गृहशिक्षणाची स्वतंत्र तरतूद त्यात नाही. त्याच कायद्याने, विनाअनुदानित शाळा वगळता, शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, असे बंधन घातले. शक्य तेथवर मातृभाषा हेच माध्यम असावे, असेही त्यात म्हटले आहे. प्रश्न उरतो तो असा की, समितीत बसलेल्या या पालकास आपल्या बोलीत निःसंकोच बोलता येते काय?

अचलपूरच्या परिसरात वऱ्हाडी, उर्दू आणि हिंदी या भाषा नांदतात. उत्तरेस मेळघाटात कोरकू बोलली जाते. वऱ्हाडीत 'मला' याऐवजी 'मले' येते, तर 'ळ'च्या जागी 'य' येतो : 'डोळा' चा 'डोया', 'काळा' चा 'काया', आणि खुद्द 'शाळा' चा 'शाया'. श्रुतलेखनात 'शाया' लिहिणारा विद्यार्थी निष्काळजी नसतो. तो आपल्या बोलीचा नियम पाळीत असतो. 'काया' म्हणजे शरीर आणि 'काया' म्हणजे काळा, हे दोन्ही शब्द त्याच्या कानास एकच आहेत. ते लेखनात वेगळे होतात, हे त्याला समजावून सांगितल्यास तो प्रमाणलेखन सहज शिकतो. नुसती लाल रेघ ओढल्याने त्याला नियम कळत नाही.

कोरकूचे उदाहरण अधिक बोलके आहे. ही ऑस्ट्रोआशियाई कुळाच्या मुंडा शाखेतील भाषा. तिच्यात द्विवचन आहे. मराठीतील पुल्लिंग, स्त्रीलिंग व नपुंसकलिंग यांचा भेद कोरकू मुलास नव्याने शिकावा लागतो. परंतु 'आपण' आणि 'आम्ही' यांतील भेद, म्हणजे ऐकणाऱ्यास आपल्यात धरणे वा वगळणे, त्याच्या भाषेत मुळातच आहे. घराने दिलेल्या या ज्ञानाची शाळेस ओळख नसेल, तर मुलाची उणीव तेवढी दिसते आणि त्याची शिदोरी दुर्लक्षित राहते.

'घरी शुद्ध बोला' असा उपदेश पालकांस केला जातो, त्याचा परिणाम येथे तपासावयास हवा. ज्या भाषेत माता गोष्ट सांगते, बाजाराचा हिशेब करते, शेतातील कामाचे कारण समजावते, ती भाषा सदोष ठरली की ती मुलाशी अभ्यासाविषयी बोलणेच टाळते. अपरिचित प्रमाणभाषेत तिला दोन वाक्यांपलीकडे जाता येत नाही. अशा रीतीने शुद्धीच्या आग्रहातून संभाषण आटते, आणि संभाषण आटणे म्हणजेच पालकांचा खरा सहभाग संपणे होय.

प्रमाणभाषा शिकविणे हे शाळेचे काम आहे व ते तिने कसोशीने करावे. घराचे काम निराळे आहे : मुलाशी विपुल बोलणे, त्याला प्रश्न विचारणे आणि त्याच्या प्रश्नांस उत्तर देणे. ते ज्या भाषेत उत्तम होते, तीच घराची योग्य भाषा. शिक्षकाने बोलीतील रूपांचे नियम जाणून घेतले, तर या दोन्ही कामांत विरोध राहत नाही. आपल्या गावाच्या नावापुरते हे कार्य आठ शतकांपूर्वीच एका वैयाकरणाने करून ठेवले आहे. उरलेले या प्रदेशातील शिक्षकांनी व भाषेच्या अभ्यासकांनी करावयाचे आहे.