राडारोडा कुणाच्या दारात?

महामार्ग रुंद होतो तेव्हा जुने पूल, मोऱ्या, डांबरी थर यांचा राडारोडा निघतो. तो पडतो कुठे? नाल्यात, गायरानात, आमच्या वस्तीच्या कडेला. पाटलाच्या मळ्यात टाकण्याची हिंमत कोणता ठेकेदार करील?

कायदा नाही असे नाही. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून अधिक राडारोडा काढणाऱ्यावर वर्गीकरणाची सक्ती केली. त्यांच्या जागी आलेल्या २०२५ च्या नियमांचा अंमल १ एप्रिल २०२६ पासूनचा. खरवडलेले डांबर नव्या थरात मिसळता येते, फोडलेले काँक्रीट खालच्या थरात भरता येते. इंडियन रोड्स काँग्रेसची त्यासाठी २०१७ ची मार्गदर्शिका आहे. तेवढी खडी डोंगरातून फोडावी लागत नाही. मग अडते कुठे? फुकटात टाकायला आमची जागा मिळते, तिथे!

ज्या पडीक जमिनीसाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी तुरुंग भरले, ती उकिरडा व्हावी काय? स्वच्छ हवा-पाणी हा कलम २१ चा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाषकुमार खटल्यात सांगितले.

बांधवांनो, माहिती अधिकारात राडारोड्याचा आराखडा मागा. ग्रामसभेत ठराव मांडा. अर्ज लिहून द्यायला आम्ही आहोत. सही तुमची हवी.