कुलूप आपलंच, पण किल्ली कुठे आहे?

मैत्रिणींनो, वर्षाची बेगमी बरण्यांत भरून ठेवावी, तशी संसाराची कागदपत्रं हल्ली संगणकात साठू लागली आहेत. मुलांच्या मार्कशीट, सासऱ्यांच्या तपासण्यांचे अहवाल, मुंजी-बारशांचे फोटो, शिवणाच्या ऑर्डरींचा हिशेब, सगळं तिथेच. मग एक दिवस संगणक रडतखडत चालू लागतो आणि दुरुस्तीवाला म्हणतो, "विंडोज नव्याने घालावी लागेल." त्यातून १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, तेव्हापासून तर पुष्कळ घरांत हे काम निघालं आहे.

तुम्ही शहाण्या, म्हणून आधी सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतलेलं असतं. नवी विंडोज येते, तुम्ही डिस्क जोडता, फोल्डर उघडायला जाता आणि समोर पाटी येते, 'ॲक्सेस डिनाईड'. आपल्याच घराच्या दारात आपल्यालाच "कोण हवंय?" विचारावं, तशातली गत!

अशा वेळी घाबरून जाऊ नका. घाईघाईने काही पुसूही नका. कुलपं तीन प्रकारची असतात. आपल्या डिस्कला त्यांतलं कोणतं लागलं आहे ते आधी ओळखायचं.

पहिलं कुलूप: नावाचं

सगळ्यात जास्त आढळणारं आणि बहुतेक वेळा सहज उघडणारं. स्टीलच्या भांड्यांवर आपण नाव घालून घेतो ना, तशी विंडोज प्रत्येक फाइलवर मालकाची खूण उमटवते. मात्र ती खूण नावाची नसते, एका लांबलचक क्रमांकाची असते. नव्या विंडोजमध्ये तुम्ही तेच नाव आणि तोच पासवर्ड ठेवलात, तरी क्रमांक नवा मिळतो. संगणकाच्या लेखी तुम्ही दुसऱ्याच कोणी बाई! म्हणून तर जुन्या मालकाच्या जागी 'अकाउंट अननोन' आणि पुढे 'एस-१-५-२१' असे आकडे दिसतात.

उपाय असा. ज्या खात्याला 'ॲडमिनिस्ट्रेटर'चे अधिकार आहेत, त्याच खात्यातून संगणक सुरू करा. फोल्डर उघडताना 'कंटिन्यू' असं बटन आलं तर आधी ते दाबून पाहा. पुष्कळदा तेवढ्यावरच भागतं. नाही भागलं, तर फोल्डरवर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज', मग 'सिक्युरिटी', मग 'ॲडव्हान्स्ड' असं आत जा. वर 'ओनर' लिहिलेलं असेल, त्याशेजारचं 'चेंज' दाबा. आपल्या खात्याचं नाव लिहून 'चेक नेम्स' करा आणि 'ओके' म्हणा. आता खाली 'रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स' अशी चौकट दिसेल. तिच्यात खूण करायला विसरू नका, नाहीतर डबा आपल्या नावावर आणि आतल्या वाट्या परक्या, असं व्हायचं! सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा त्याच जागी या, 'ॲड'मधून आपलं नाव घाला आणि 'फुल कंट्रोल' द्या. फायली हजारोंनी असल्या तर वेळ लागतो. तोवर चहा टाका, पण डिस्क काढू नका.

एक सांभाळा, हा उपाय फक्त आपल्या साठवणीच्या फोल्डरवर करायचा. सी ड्राइव्हवरच्या विंडोजच्या फोल्डरवर हा प्रयोग केला तर चालता संगणक बिघडेल.

दुसरं कुलूप: आकड्यांचं

डिस्कच्या चित्रावरच कुलूप दिसतंय आणि ती पासवर्ड किंवा 'रिकव्हरी की' मागते आहे? मग हे 'बिटलॉकर'. याची राखीव किल्ली म्हणजे ४८ आकडे, सहा-सहाच्या आठ गटांत. कुलूप लावताना ती कागदावर छापलेली, एखाद्या फाइलीत ठेवलेली किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा झालेली असू शकते. त्या खात्यात शिरून आपल्या संगणकाची राखीव किल्ली शोधा. एकापेक्षा जास्त किल्ल्या निघाल्या, तर पडद्यावरच्या 'की आयडी'ची पहिली आठ अक्षरं जुळवून पाहा.

२०२४ साली आलेल्या विंडोज ११ च्या '२४ एच २' आवृत्तीपासून, विंडोज नव्याने घालून मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरुवात केली की पुष्कळ संगणकांवर हे कुलूप आपोआप लागतं. आपण लावलं नाही म्हणून ते नाहीच, असं धरून चालू नका. आणि डिस्क 'फॉरमॅट' करू का, असं संगणकाने विचारलं तर स्पष्ट नकार द्या. फॉरमॅट म्हणजे कुलपासकट तिजोरीच रिकामी करणं!

तिसरं कुलूप: गुप्त लिपीचं

हे मात्र कठीण. 'प्रो' आवृत्तीत फाइल गुप्त लिपीत बदलून ठेवण्याची सोय असते, 'होम'मध्ये नसते. अशा फाइलीच्या चित्रावर छोटंसं कुलूप दिसतं. इथे मालकी बदलून काहीच साधत नाही. भांडं आपल्या नावावर होतं, पण आतली चिठ्ठी वाचता येत नाही. तिची किल्ली जुन्या विंडोजमधल्या आपल्या खात्यातच असते. 'पीएफएक्स' नावाने शेवट होणारी सर्टिफिकेटची फाइल आधी काढून ठेवलेली असेल, तर तिच्यावर दोनदा टिचकी मारा, तिचा पासवर्ड द्या, की फायली उघडल्या.

ती नसेल तर सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' हा फोल्डर आहे का बघा. असला तर लगेच त्याची नक्कल करून घ्या, कारण साधारण दहा दिवसांनी विंडोज तो आपोआप काढून टाकते. जुना पासवर्ड आठवत असेल, तर त्यातून किल्ली काढणं जाणकाराला कधीकधी जमतं. मात्र जुनी डिस्क पूर्ण पुसलेली असेल आणि सर्टिफिकेटही नसेल, तर त्या फायली गेल्याच समजा. "हमखास उघडून देतो" म्हणणाऱ्याच्या हाती पैसे देऊ नका.

विंडोज बदलण्याआधी

दुरुस्तीवाल्याला आत घेण्यापूर्वी एवढं करा. 'मॅनेज फाइल एन्क्रिप्शन सर्टिफिकेट्स' असं संगणकात शोधून सर्टिफिकेटची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. बिटलॉकरची किल्ली कागदावर उतरवा. साठवण दुसऱ्या एखाद्या संगणकावर जोडून खरोखर उघडते का, ते पाहा. जुनी डिस्क त्यानंतरच पुसू द्या.

आणि शेवटचं, थोडं नाजूक. बऱ्याच घरांत संगणकाचं खातं यजमानांच्या नावावर, पासवर्ड त्यांच्या डोक्यात आणि निरोप जातो तो त्यांच्याच फोनवर. माणूस आजारी पडलं, परगावी गेलं किंवा देवाघरी गेलं, तर विम्याच्या कागदांपासून लग्नाच्या फोटोंपर्यंत सगळं त्या ४८ आकड्यांमागे अडकून पडतं. हे विचारण्यात अविश्वास कसला? बँकेचा लॉकर आपण दोघांच्या नावावर घेतोच की! या रविवारी दोघं मिळून बसा, आकडे वहीत लिहा आणि ती वही दागिन्यांच्या पावत्यांसोबत ठेवा.