न पाहिलेल्या प्राण्याचे चित्र

दिल्लीच्या बाराखंबा मार्गावरील राष्ट्रीय प्राकृतिक इतिहास संग्रहालय ५ जून १९७८ रोजी उघडले आणि २६ एप्रिल २०१६ रोजी आगीत भस्मसात झाले. सौरोपॉड ह्या दीर्घग्रीव डायनोसॉरचे, सुमारे सोळा कोटी वर्षांपूर्वीचे एक हाड तेथे होते. एवढ्याशा हाडावरून बालमन अख्खा प्राणी उभा करते. चित्रकारही तेच करतो. मात्र त्याला प्रत्येक रेषेचा जाब द्यावा लागतो. चित्र जळाले तर दुसरे काढता येते, पण ज्यावरून ते काढायचे ते हाड पुन्हा घडत नाही.

हाडावर स्नायू जेथे चिकटलेले असतात तेथे खडबडीत खुणा राहतात. त्यांवरून मांसाचा भार अजमावता येतो, सांध्याच्या घडणीवरून पाय कसा वळत असेल ते कळते. उरलेल्या जागा मगर आणि पक्षी ह्या जिवंत नातलगांकडे पाहून भरायच्या. तरीही कल्पनेला वाव राहतोच, आणि तेथे थोर माणसेही चुकतात. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस उद्यानात १८५४ साली बेंजामिन वॉटरहाऊस हॉकिन्स ह्या शिल्पकाराने इग्वानोडॉनचे प्रचंड पुतळे उभारले. सापडलेले एक शंक्वाकृती हाड त्याने त्यांच्या नाकावर बसविले. १८७८ साली बेल्जियममधील बेर्निसार येथील खाणीत अनेक सांगाडे मिळाले, तेव्हा ते हाड आंगठ्याचे ठरले. पुतळे मात्र नाकावर आंगठा घेऊन अद्याप उभे आहेत!

कधी कधी चूक अतिसावधपणाचीही असते. गवत हे डायनोसॉरनंतरचे, असे शास्त्रज्ञ दीर्घकाळ मानीत. त्यामुळे जाणता चित्रकार त्यांच्या पायांखाली नेचे काढी, गवताचे पाते चुकूनही काढीत नसे. ह्या समजुतीला धक्का दिला तो चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळच्या पिसदुरा गावाने. तेथील जमिनीत डायनोसॉरची दगड झालेली विष्ठा सापडते. वनस्पतींच्या पेशींत सिलिकेचे सूक्ष्म कण तयार होतात आणि त्यांचा आकार वनस्पतीगणिक निराळा असतो. लखनौच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्या विष्ठेत गवताचे कण आढळले. २००५ साली त्यांनी तसे प्रसिद्ध केले. डायनोसॉरच्या आहारात गवताचा वाटा थोडाच असावा. पण वऱ्हाडालगतच्या त्या काळ्या मातीमुळे चित्रातल्या भूमीवर चार पाती उगवावयास हरकत उरली नाही.

दुसरी दुरुस्ती दिल्लीतूनच आली. दिल्ली विद्यापीठाच्या भूशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात टायटॅनोसॉर ह्या सौरोपॉडांची ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदविली. तो शोधनिबंध २०२३ साली प्रसिद्ध झाला. घरट्याशेजारी पिलांची राखण करणारी आई, हे दृश्य मुलांच्या वहीत हटकून असते. ते प्रेमळ आहे ह्यात शंका नाही. परंतु धारची घरटी एकमेकांच्या इतकी निकट आहेत की, अंडी घातल्यावर माद्या निघून जात असाव्यात, असे ह्या शास्त्रज्ञांना वाटते. तेवढ्या दाटीत ते अजस्र पाय टाकावयास जागाच नव्हती.